घाम गाळायला लावणारे खेळ

कोल्हापुरात व्यायाम म्हटले की पहिले नाव तालमीचे निघते. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग ही नावे कुस्तीमुळे महाराष्ट्रभर गेली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार म्हटले की शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल आठवतो, पण ही मंडळेही मूळची तालमीच. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खेळाचा एवढा नाद क्वचितच एखाद्या शहराला असेल.

पण नाद असणे वेगळे आणि अंग हलवणे वेगळे. खासबागेत कुस्ती बघायला हजारो जमतात. पहाटे उठून जोर मारणारे मोजकेच. देशाचा हिशेब तर त्याहून वाईट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातले जवळपास ५० टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. २०२२ मध्ये पुरुषांत ते ४२ टक्के होते आणि बायकांत ५७. पुरेशी हालचाल म्हणजे तरी किती? प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारी मेहनत करावी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे खेळावे. मागणी एवढीच आहे, तरी अर्धा देश तिथपर्यंत पोहोचत नाही.

अशा वेळी घरातल्या टीव्हीसमोर, हातापायांनी खेळायचे व्हिडिओ गेम कामी येतील का? मुलाला बसवून ठेवणारे यंत्रच त्याला उठवेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तालमीकडे एकदा नीट बघावे लागते. तालमीत माणूस घडतो तो चार गोष्टींवर. वेळ ठरलेली असते. समोर जोड असते. जोर-बैठका मोजल्या जातात. आणि वस्तादाची नजर असते. व्यायामाच्या गेममध्ये यातल्या दोन गोष्टी उत्तम मिळतात, जोड आणि मोजदाद. उरलेल्या दोन घरच्यांनाच पुरवाव्या लागतात. त्या पुरवल्या नाहीत तर काय होते, हे संशोधकांनी मोजून ठेवले आहे.

यंत्राची नजर कुठे असते?

वस्ताद नव्या पठ्ठ्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. त्याची नजर पायांवर आणि कमरेवर असते. यंत्राचे मात्र तसे नाही. त्याचा सेन्सर जिथे बसवला आहे तेवढेच त्याला दिसते आणि माणूस तेवढेच अंग हलवतो. व्यायामाच्या गेमचा चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे यंत्राची नजर हळूहळू सुधारण्याचा इतिहास आहे.

१९८६ मध्ये जपानच्या बंदाई कंपनीने पायांखाली अंथरायची एक चटई आणली. तिच्यावर धावले की पडद्यावरचा खेळाडू धावे. दोन वर्षांनी निन्टेंडोने तीच चटई ‘पॉवर पॅड’ या नावाने अमेरिकेत विकली. चटईला फक्त दाब कळत होता. पोरांनी ते लगेच ओळखले आणि गुडघ्यांवर बसून हातांनी चटई बडवून शर्यती जिंकल्या. १९९८ मध्ये कोनामी कंपनीचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ आला. गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावर बाण सरकतात आणि खेळणाऱ्याने त्याच दिशेच्या फळीवर पाय टाकायचा. वेग वाढला की हातांनी लबाडी करायला वावच राहत नाही, पाय नाचवावेच लागतात. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मुलांच्या स्थूलपणाची चिंता एवढी वाढली होती की २००६ मध्ये राज्यातल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत हा गेम बसवण्याची योजना जाहीर झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस निन्टेंडोचा ‘वी’ बाजारात आला. त्याच्या रिमोटमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर होता. रिमोट रॅकेटसारखा फिरवला की टेनिस, ठोसा मारला की बॉक्सिंग. लोकांनी इतक्या जोरात हात फिरवले की रिमोट हातातून सुटून थेट टीव्हीवर आदळू लागले. कंपनीला मनगटाच्या सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या. पण थोड्याच दिवसांत सगळ्यांना एक मेख कळली. सोफ्यावर बसून नुसते मनगट झटकले तरी टेनिस जिंकता येते. नजर मनगटावर होती, म्हणून मेहनतही मनगटापुरतीच राहिली.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘वी फिट’ने नजर पुन्हा पायांकडे नेली. शिगेरू मियामोतो या नामांकित गेम रचनाकाराच्या घरी रोज वजन करून ते लिहून ठेवायची सवय होती. त्यातूनच ही कल्पना निघाली. वजनकाट्यासारख्या फळीच्या चार कोपऱ्यांत दाब मोजणारे सेन्सर बसवले होते. उभ्या माणसाचा तोल कुठे झुकतो ते फळी दाखवत असे. जगभरात हा गेम दोन कोटींहून अधिक घरांत गेला. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले आणि हातात काही धरायची गरजच उरली नाही. ते खोलीत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे ठिपके फेके आणि त्यावरून अंतर मोजून शरीराचे २० सांधे ओळखे. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख नग गेले, आणि तरीही २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

सध्या सर्वांत पूर्ण म्हणावा असा गेम म्हणजे २०१९ चा ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’. यात एक लवचिक कडे दोन्ही हातांनी दाबायचे आणि ताणायचे असते. दुसरा सेन्सर मांडीला पट्ट्याने बांधलेला असतो. जागच्या जागी धावले की पडद्यावरचा नायक पळतो. राक्षस समोर आला की तलवारीऐवजी बैठका, पोटाचे व्यायाम आणि योगासने यांनी त्याला हरवायचे. कडे छातीशी आणि पट्टा मांडीवर, म्हणून कुठेच लपायला जागा नाही. अलीकडे साध्या मोबाइलचा कॅमेराही हे काम करू लागला आहे. गूगलने २०२० मध्ये खुल्या केलेल्या एका प्रणालीला साध्या चित्रातून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखता येतात. त्या जोरावर बैठक किती खाली गेली, हात पूर्ण वर गेला का, हे फोन सांगू शकतो.

म्हणून गेम निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो चित्रांचा किंवा किमतीचा नव्हे. हा गेम पाय मोजतो का, हा तो प्रश्न. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि कमरेखाली असतात. ते कामाला लागले तरच श्वास वाढतो. नुसते हात मोजणारा गेम करमणूक म्हणून चांगला, व्यायाम म्हणून अपुरा.

किती घाम, किती हिशेब

व्यायामाचा जोर मोजायला शास्त्रज्ञ ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते तो १ मेट. त्याच्या तीन ते सहा पट लागली तर व्यायाम मध्यम, सहापटीच्या वर गेली तर जोरकस. रंकाळा तलावाकाठी झपझप चालणे मध्यम प्रकारात येते.

जपानच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रौढांना एका बंद खोलीत ‘वी’चे गेम खेळायला लावले. या खोलीत आत-बाहेर जाणाऱ्या हवेवरून खर्च झालेली ऊर्जा काढता येते. त्यांनी ६८ प्रकार तपासले. ४६ प्रकार हलके ठरले, २२ मध्यम, आणि जोरकस एकही नाही. त्याआधी २००७ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींवर असाच प्रयोग केला होता. बसून खेळायच्या गेमपेक्षा ‘वी’च्या गेममध्ये निदान निम्म्याने जास्त ऊर्जा लागली. पण खऱ्या मैदानावरच्या खेळाच्या मानाने ती कमीच होती, आणि रोजच्या व्यायामाचा वाटा तेवढ्याने भरत नाही असे त्यांनी स्पष्ट लिहिले. डान्ससारखे पायांचे गेम किंवा ‘रिंग फिट’मधली धाव यापुढे जाऊ शकतात, पण त्यासाठी वरची पातळी निवडावी लागते.

आता कोल्हापुरी हिशेब मांडू. मेट गुणिले किलोतले वजन गुणिले तास, एवढेच सूत्र आहे. ७० किलोच्या माणसाने ४ मेटचा गेम अर्धा तास खेळला तर ४ × ७० × ०.५ म्हणजे १४० कॅलरी खर्च होतात. खेळून झाल्यावर हाच माणूस गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेला आणि म्हशीचे धारोष्ण दूध पाव लिटर प्याला, तर पोटात अडीचशेच्या आसपास कॅलरी गेल्या. पैलवानाचा खुराक पैलवानाच्या मेहनतीला असतो. पडद्यासमोरच्या अर्ध्या तासाला तो लागू करू नये. वजन उतरवायचे तर ताटातच बदल करावा लागेल. गेम हृदयाला, फुप्फुसांना, तोलाला आणि मनाला उपयोगी पडेल. नुसत्या गेमने पोट आत जाईल अशी आशा धरू नये.

आपण मध्यम पातळीवर आहोत की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. खेळताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, म्हणजे पातळी बरोबर. गाणेही म्हणता येत असेल तर वेग वाढवा. दोन शब्दही बोलता येत नसतील तर कमी करा.

गेममध्ये आणखी एक उणीव राहते, ताकदीची. बहुतेक गेममध्ये वजन उचलायचे नसते, की शरीर जोराने रेटायचे नसते. ती उणीव भरून काढायला तालमीचे साधन पुरेसे आहे. आठवड्यातून दोन दिवस गेम संपल्यावर जोर आणि बैठका काढाव्यात. छाती, दंड, खांदे आणि मांड्या या सगळ्यांना काम मिळते, आणि खर्च शून्य.

सहाव्या आठवड्याचा आजार

व्यायामाच्या गेमची खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या दिवशी सगळे घर नाचते. परीक्षा होते दीड महिन्यानंतर.

२०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ने जगभर माणसे रस्त्यावर काढली. फोन घेऊन चालत राहायचे आणि वाटेत दिसणारे प्राणी पकडायचे, असा हा खेळ. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या तरुणांच्या फोनमध्ये नोंदलेली पावले तपासली. गेम घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोजची पावले सरासरी ९५५ ने वाढली. मग वाढ दर आठवड्याला कमी होत गेली आणि सहाव्या आठवड्यात आकडा जुन्या जागी परतला.

ह्यूस्टनच्या संशोधकांचा २०१२ मधला प्रयोग अधिक डोळे उघडणारा आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांनी ‘वी’ दिला. काही मुलांना अंग हलवायचे गेम, काहींना बसून खेळायचे. खेळा असे कुणी सांगितले नाही, लक्षही ठेवले नाही. सुमारे तीन महिने कमरेला हालचाल मोजणारे यंत्र लावून हिशेब केला, तर दोन्ही गटांतल्या मुलांची एकूण हालचाल सारखीच भरली. गेम घरात आला म्हणून मूल जास्त हलले नाही.

याच्या उलट निकाल लुइझियाना राज्यातल्या पेनिंग्टन बायोमेडिकल संशोधन केंद्राने २०१८ मध्ये मांडला. वजन जास्त असलेली १० ते १२ वर्षांची ४६ मुले निवडली आणि निम्म्यांना ‘किनेक्ट’ व गेम दिले. पण नुसते यंत्र देऊन ते थांबले नाहीत. आठवड्यातले तीन दिवस ठरवून दिले, कोणत्या आठवड्यात काय खेळायचे याचे पुस्तक दिले, पावले मोजणारा पट्टा दिला, आणि एक प्रशिक्षक ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मुलाशी व पालकांशी बोलत राहिला. २४ आठवडे बहुतेक मुले टिकली. उंची, वजन आणि वय यांवरून काढलेला त्यांचा निर्देशांक सुमारे ३ टक्क्यांनी उतरला. गेम न मिळालेल्या गटात तो किंचित वाढला. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही सुधारले.

दोन्ही प्रयोगांत गेमची जात एकच होती. फरक पडला तो ठरलेल्या वेळेने आणि विचारणाऱ्या माणसाने. ह्यूस्टनच्या मुलांना वस्ताद नव्हता, लुइझियानाच्या मुलांना होता. या सगळ्या संशोधनातून घराने घ्यावा असा धडा एवढाच आहे.

माजघरातली कसरत

बायकांमधले ५७ टक्के हे प्रमाण पुन्हा आठवू. तालमीचे दार पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांसाठी उघडे होते. आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुली कुस्ती, नेमबाजी, फुटबॉल यांत नाव काढतात. पण चाळिशीच्या गृहिणीला पहाटे घर सोडून फिरायला जाणे आजही सोपे नसते. डबे, पाणी, शाळेची रिक्षा यांत सकाळ जाते. घरातच, स्वतःच्या सोयीच्या वेळी, कुणी बघत नसताना करायचा व्यायाम तिला सर्वांत उपयोगी.

आणि खेळातून व्यायाम ही कल्पना तिला परकी नाही. श्रावणातल्या मंगळागौरीला रात्र जागवताना ज्या फुगड्या, झिम्मा, पिंगा खेळतात त्यांत दम लागतो की नाही हे खेळणारीला विचारावे. बसफुगडी म्हणजे उकिडवे बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारणे; मांड्यांना याहून कठीण काम क्वचितच मिळते. गाणे, जोडीदार आणि चढाओढ असल्यामुळे थकवा मागे पडतो. नाचाचे गेम हेच सूत्र वापरतात. २००९ पासून निघणाऱ्या ‘जस्ट डान्स’मध्ये पडद्यावरच्या नर्तकाची नक्कल करायची आणि गुण मिळवायचे. सासू-सुनेने समोरासमोर खेळला तर गुणांची चुरस आपोआप लागते. यंत्र नसेल तर आवडीची गाणी लावून अर्धा तास झिम्मा-फुगडी खेळली तरी हिशेब तोच.

आजी-आजोबांसाठी मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. पक्षाघातातून सावरणाऱ्या १४१ रुग्णांवर टोरंटोच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला प्रयोग २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आला. काहींनी नेहमीच्या उपचारांसोबत ‘वी’ खेळला, काहींनी पत्ते, ठोकळे, चेंडू असे साधे खेळ. दोन्ही गटांचे हात सारखेच सुधारले. यंत्र वाईट ठरले नाही, पण साध्या खेळांपेक्षा सरसही ठरले नाही. आजोबांचा पत्त्यांचा डाव बंद करून त्यांच्या हातात महागडे यंत्र देण्याची घाई नको.

घरात बसवायचे कसे?

कोल्हापुरात अशा गेमचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. पाऊस कोसळत असतो, रंकाळ्याच्या फेऱ्या बंद पडतात, मैदानांत चिखल होतो. २०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेचा महापूर आला तर निम्मे शहर घरातच अडकते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मुलांना पुन्हा मैदानावर पाठवावे. गेम मैदानाला पर्याय नाही. मैदान बंद असतानाची सोय आहे.

जागा सहा फूट बाय सहा फूट मोकळी हवी. टीपॉय बाजूला सरकवा, वर पंखा आहे का ते हात उंच करून तपासा. शहाबादी फरशीवर अनवाणी उड्या मारल्या तर गुडघे आणि टाचा दुखतात, म्हणून जाड मॅट किंवा घट्ट बसणारे बूट लागतात. जुन्या पेठांतल्या लाकडी माडीवर किंवा अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर राहत असाल तर उड्यांचे गेम टाळा. ‘रिंग फिट’मध्ये धावण्याऐवजी गुडघे वाकवून पुढे जायची शांत सोय आहे. खालच्या मजल्यावरचे शेजारी त्याबद्दल दुवा देतील.

सुरुवात फुकट साधनांनी करा. फोनचा कॅमेरा वापरणारे मोफत ॲप टीव्हीला जोडून बघा. निन्टेंडोची यंत्रे आपल्याकडे बहुतेक आयात केलेलीच मिळतात; किंमत जास्त पडते आणि दुरुस्तीची खात्री नसते. डोळ्यांवर चढवायच्या आभासी चष्म्यावर तलवारीने ठोकळे कापायचा ‘बीट सेबर’ चांगला घाम काढतो, पण बाहेरचे काही दिसत नसल्याने भिंतीवर हात आदळतात आणि काहींना गरगरते. लहान मुलांना तो देऊ नये.

इजाही हलक्यात घेऊ नयेत. २००७ मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला पत्र लिहिले. ‘वी’वर तासन्‌तास टेनिस खेळून त्याचाच खांदा धरला होता, आणि आजाराला त्याने यंत्राचेच नाव दिले. खऱ्या टेनिसमध्ये माणूस दमून थांबतो. हलक्या रिमोटने दमत नाही, म्हणून थांबतही नाही. सुरुवातीला पाच मिनिटे अंग मोकळे करा आणि पहिले दोन आठवडे वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका. रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्येष्ठांनी भक्कम खुर्चीची पाठ हाताशी ठेवून खेळावे.

घरातला वस्ताद कोण, हे नाव घेऊन ठरवा. आजोबा, आई, कॉलेजात जाणारी ताई, कुणीही चालेल. त्याचे काम चार ओळींचे. ठरलेल्या वेळी हाक मारायची. पाय आणि कमर नीट आहेत का बघायचे. मिनिटे कॅलेंडरवर लिहायची. दोन आठवड्यांनी पातळी वाढवायची. वस्तादाने सोफ्यावर बसून हुकूम सोडू नयेत, निदान एक फेरी स्वतः खेळावी.

आणि यंत्र विकत घेण्याआधी एक अट पाळा. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, मोबाइल आणि मॅट एवढ्यावर खेळून दाखवा. कॅलेंडरवर अठरापैकी पंधरा खुणा झाल्या तर यंत्र खुशाल आणा, ते वापरले जाईल. खुणा पाचसहाच राहिल्या तर पैसे वाचवा, कारण घराला कमी आहे ती ठरलेल्या वेळेची, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.